पेशी जागवणारं यंत्र

बुधवार पेठेतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा असायचे. गुडघ्याभोवती चुंबकाचं मोठं कडं बसवलं, की ते कानटोपी डोळ्यांवर ओढायचे. यंत्र घरघरायला लागलं, की तेही घोरायला लागायचे.

एकदा मी विचारलं, "आजोबा, या चुंबकाने नक्की काय होतं हो?"

"कमी वारंवारितेच्या लहरींनी पेशी जाग्या होतात म्हणे. तिथे भिंतीवर लिहिलंय."

"आणि तुम्ही झोपता?"

"मग? दोघांनी कशाला जागायचं?"

परवा डॉक्टरीणबाईंनी त्यांचा गुडघा दुमडून पाहिला. "आता दुखत नाही ना?" आजोबा "आई गं!" करून असे कळवळले, की मीच उठून बसलो. बाई यंत्र चालू करून गेल्या आणि आजोबांनी मला डोळा मारला.

"बरा झालाय गुडघा. चुंबकाने की आपोआप, देव जाणे. बोलू नका कुठे."

"मग येता कशाला?"

"आमची ही गेल्यापासून घरी झोपच लागत नाही. फार शांत असतं हो. हे यंत्र अगदी तिच्यासारखं घोरतं."

टोपी ओढताना त्यांनी यंत्रावर हलकेच थाप मारली.

"जरा हळू गं," म्हणाले, आणि झोपले.