मामाची जीभ

आमच्या अख्ख्या तालुक्यात पाण्याला माझ्या मामाइतकं कुणीच डोक्यावर चढवलं नसेल. अंबाडीच्या अलीकडे त्याचं गाव. दारात त्याने मारलेली बोअर, तिला हातपंप, आणि त्यावर सगळा पाडा पाणी भरायचा. घरात कुणी आलं की आधी तांब्या. तुम्ही घोट घेतला की मामा मान वाकडी करून तुमच्या गळ्याकडे बघत बसणार, आणि घोट खाली उतरला की विचारणार, "पानी कसा हाय?" नुसतं 'चांगलं' म्हटलं तर त्याचं तोंड उतरायचं. मी एकदा "बर्फी आहे मामा, बर्फी" म्हणालो, तर मामीला आतून बोलावून मला ते परत म्हणायला लावलं, आणि मग पाड्याभर सांगत फिरला.

बाहेर जातानाही खांद्याला स्वतःच्या पाण्याची बाटली. शहरात, निजामपुऱ्यात, कापडाचे लूम चालवणाऱ्या माझ्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं, तिथेसुद्धा. मित्राचे अब्बा म्हणाले, "चाचा, कभी हमारा पानी भी चखो." मामाने चाखलं, जीभ टाळूला लावली आणि शांतपणे म्हणाला, "टाकी साफ नहीं किया तुमने. अंदर पाल मरेला है." वर जाऊन बघितलं तर पाल नव्हती, कबूतर होतं. तेव्हापासून अब्बा मामाला मान देतात, बोलवत मात्र नाहीत.

आमच्या नात्यातल्या लग्नांत हळदीच्या रात्री मी त्याची नक्कल करायचो. वाकडी मान, गळ्यावर डोळा, "पानी कसा हाय?" सगळे लोळायचे. मामा पहिल्या रांगेत बसून चुका काढायचा.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याचे नमुने न्यायला एक मॅडम आल्या. त्यांनाही तांब्या, त्यांच्याही गळ्यावर डोळा. काही दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा त्यांनी तांब्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "काका, बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे. विषच ते. धुण्याभांड्याला वापरा, पिऊ नका, त्यात शिजवूही नका."

मामा हसला. "मी रोज पितो. माज्या जिभेला कळला नसता?"

"त्याला चव नसते, काका. वासही नसतो."

दोन दिवसांनी मामाने तोडगा काढला, उकळायचं. तेही साधं नाही, निम्मं आटेपर्यंत. मामी म्हणाली, "खवा करताव का पान्याचा?" तर म्हणे, "इख जळला पायजे ना." सगळ्या पाड्याला तसंच करायला लावलं आणि आठवड्याने मॅडमना फोन करून ऐटीत सांगितलं. तेव्हा कळलं की पाणी वाफ होऊन जातं, विष तिथेच राहतं, उलट दाट होतं. मामा फोन हातात धरून ओट्यावर बसला. त्या आटवलेल्या पाण्याची पहिली बाटली रोज त्याच्या नातीच्या दप्तरात जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने पंपाला लाल रंग फासला आणि बाजूला खुर्ची टाकून बसला. पाणी भरायला शेजारीण आली, तिला म्हणाला, "धुवाला ने, वयनी. तोंडान घालाचा न्हाय."

"काय भावजी, बर्फी कडू झाली का?"

"कडू झाली असती तर कळला असता ना," मामा म्हणाला.

नातीला डॉक्टरकडे दाखवून आणलं. ती ठीक आहे असं त्यांनी लिहून दिलं, तरी मामाने तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. आता तो पलीकडच्या पाड्यावरच्या तपासलेल्या विहिरीचं पाणी आणतो, सायकलला दोन कॅन बांधून. एक घरी, एक शेजारच्या म्हातारीकडे.

परवा गेलो. तांब्या आला. मी प्यायलो. मामा अंगणाकडे बघत होता, काही विचारलंच नाही. मला ते सहन होईना. त्याने स्वतः तांब्या तोंडाला लावल्याबरोबर मी मान वाकडी केली, त्याच्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "पानी कसा हाय?"

आत मामीच्या भांड्यांचा आवाज थांबला. मामाने एकदा लाल पंपाकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला.

"चुकलास," तो म्हणाला. "घाई करतस. आदी घोट उतरू दे."

मग त्याने पुन्हा तांब्या उचलला, आणि मी थांबलो.