रविनाच्या पेटीवर पडलेली धार

बुधी आमच्या शेडमध्ये आली ती भुसा झाडायला. डहाणू रोडला फर्निचरची शेड होती, मी तिथे सुतार होतो. झाडायला माणसं बरीच आली आणि गेली. बुधी मात्र पॉलिशच्या कोपऱ्यात शिरण्याआधी विचारायची, "मिस्त्री, आज ओलं आहे का?" ओलं असलं की झाडू बाहेर ठेवायची आणि भुसा हातानं उचलायची. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की सगळं काम पुन्हा, हे आमच्या काही कारागिरांना ओरडून सांगावं लागे.

पॉलिशवाला पुढे गुजरातेत गेला. बुधीनं पॉलिश लावायचा बोळा हातात घेतला. सुरुवातीला कितीतरी महिने ती फक्त खुर्च्यांच्या खालच्या बाजू करत होती, जिथे कुणी बघत नाही. मालक म्हणाला, आता वरची कर. ती म्हणाली, "खालची अजून मला आवडत नाय."

तिची बडबड अख्ख्या शेडला ऐकू जायची. कुणाची बायको कुणावर का चिडली, कुणाच्या कोंबड्या कुणाच्या वाडीत शिरल्या, सगळं. बोळा हातात आला की तोंड बंद. बोळा डब्यात गेला की राहिलेलं वाक्य जिथे सोडलं तिथून सुरू.

२०१७ च्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं, रविनाचं लग्न ठरलं. मुलगा तलासरीचा, धनेश नावाचा. मी तोवर काम सोडलं होतं, पण हत्यारं घरी होती. सागाची पेटी मी जोडली. पॉलिश बुधीनं केलं, लाखेचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात बांधून त्यानं हातावर हात, म्हणजे थरावर थर, चढवत जायचं. आता फवारा मारून तासात मोकळे होतात. बुधी कामावरून आली की रोज थोडं करायची. शेवटी झाकणात घराचे वासे मोजता येत होते.

बुधीच्या समाजात लग्न नवऱ्याच्या दारी लागतं. नवरीचे लोक तिला घेऊन जातात आणि पुढे चालतो तिचा मामा. त्या दिवशी सकाळी मी आशागडला त्यांच्या पाड्यावर पोचलो, तेव्हा रविना हळदीनं पिवळी होऊन बसली होती आणि टेम्पो दारात होता. पेटी मांडवाखाली होती. तलासरीला धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, बसून होती. तिची गाणी सुरू झाली की ती कुणासाठी थांबत नाही.

मामा म्हणजे बुधीचा थोरला भाऊ चैत्या. डोंगराकडच्या गावाचा, उंच माणूस, आवाज त्याहून उंच. निघण्याआधी दारूचा पेला हातात घेतला की पहिली धार जमिनीवर द्यायची, वाडवडिलांना. ती त्यानं दिली. मग त्याची नजर पेटीवर गेली.

"ही पण परक्या घरी चालली," तो म्हणाला. "हिलाही मिळू दे."

आणि झाकणावर धार सोडली. मोहाची, पहिल्या वाफेची, कडक.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कडक दारूतही मऊ पडते. तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्यानं डोक्याचं फडकं काढलं आणि पुसलं, प्रेमानं, जोर लावून. झाकणाच्या मधोमध पांढरट पट्टा उठला आणि त्यात फडक्याची वीण उमटली. दोनचार धागेही चिकटले.

ढोल थांबला. मांडवातली सगळी माणसं पेटीभोवती जमली आणि प्रत्येकाला उपाय माहीत होता.

"राख चोळा," एक म्हातारी म्हणाली.

"राख कसली, खोबरेल लावा."

पँट घातलेला एक जण पुढे आला. "टूथपेस्ट. मोबाईलवर बघितलंय मी."

"तिला दात आहेत का रे?" बुधीनं विचारलं. "सगळे मागं व्हा. कुणी बोट लावलं तर तो हात मी पॉलिश करीन."

हसू फुटलं, पण चैत्या हसला नाही. तो उठला आणि चिंचेखाली जाऊन बसला, पाठ करून.

"दादा, टेम्पोत बस," बुधी म्हणाली.

"मी येत नाय. ज्याच्या हातानं नवरीची वस्तू नासली, तो तिच्या पुढं कसा चालणार? दुसरा बघा."

"दुसरा मामा कुठून आणू? बाजारात मिळतो?"

"मी येत नाय म्हणजे नाय."

आतून रविना ओरडली, "मामा नाय तर मी पण नाय. मी टेम्पोत बसतच नाय."

बुधी माझ्याकडे वळली. "बघा मिस्त्री. एक रुसला होता, आता जोडी झाली." ती हसत होती, पण तिचे डोळे सावलीकडे होते. ऊन वर आलं होतं, उशीर होत होता. टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला.

तिनं पेटी घरात घेतली, दारासमोर पुन्हा सुरू झालेला नाच पलीकडच्या खळ्यावर पाठवला, कारण पायांनी माती उडत होती. झाकणाला हात लावला नाही. आधी सुकू दिलं. मऊ लाखेवर घाईनं घासलं तर सगळी सालासारखी निघते. ही थांबण्याची मेहनत मला कितीतरी वर्षं जमली नव्हती.

घरात पॉलिशची अर्धी बाटली होती. स्पिरिट मात्र संपलं होतं. घट्ट पॉलिश तसंच लावलं असतं तर ओघळ आले असते.

रविनाचे वडील, नविन, शांत माणूस. त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "दारू आहे की. तीही स्पिरिटच."

"हाल्याच्या दारूत निम्मं पाणी आहे," बुधी म्हणाली. "पाण्यानं आणखी पांढरं होईल."

हाल्या तिथेच उभा होता. दारू त्यानंच गाळलेली. त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या आईला कुणी बोललं.

"माझ्या दारूत पाणी? बुधीवहिनी, माझ्या दारूत?"

"प्रत्येक दारूत असतं रे. तुझ्यात कमी असेल."

"कमी पण नाय!"

मोटारसायकल फक्त हाल्याकडे होती. त्याच्याच मागे बसून मी डहाणू रोडला शेडमध्ये गेलो. जाताना तो पाण्याबद्दल बोलत होता. येतानाही तेच. परत आल्यावर स्पिरिटच्या बाटलीचं बूच काढून त्यानं वास घेतला आणि डोळे बारीक केले.

"ही मात्र कडक आहे," तो हळूच म्हणाला.

"प्यायलास तर आंधळा होशील," बुधीनं बाटली काढून घेतली. मग तिचं तोंड बंद झालं.

गुळगुळीत झालेला जुना पॉलिश पेपर घेऊन तिनं चिकटलेले धागे आणि विणीचे कंगोरे उतरवले. हात इतका हलका, की कागद घासतोय की फिरतोय ते कळत नव्हतं. जोर लावला असता तर लाकूड उघडं पडलं असतं. भुकटी फडक्यानं टिपली. मग पॉलिशमध्ये स्पिरिट घालून ते पातळ केलं. बोळ्याला तेलाचं एक बोट, चिकटू नये म्हणून. बोळा बाहेरून सरकत आत आणायचा, आठच्या आकड्यासारखा फिरवायचा आणि न थांबता बाहेर काढायचा. वर थांबला की खालचं उखडतं. एक हात दिला, सुकू दिला. पुन्हा. पांढरा पट्टा आधी राखाडी झाला, मग पिवळट, मग शोधावा लागू लागला.

मी दारातून झाकणाकडे तिरकं बघितलं. एका कडेला प्रकाशात किंचित फरक होता. मी बोट दाखवलं. तिनं मान डोलावली आणि तिथे आणखी हात दिले. बोळा डब्यात गेला.

"...आणि या हाल्याच्या बायकोला मी काल सांगत होते," तिनं सकाळचं राहिलेलं वाक्य सुरू केलं आणि मध्येच सोडलं. चैत्या दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"गेलं?" त्यानं विचारलं.

"बघ."

तो वाकला. स्वतःचा चेहरा झाकणात बघून दचकला. "गेलं. पण म्हणून मी येतो असं नाय."

"नको येऊस," बुधी म्हणाली. "फक्त एक अडचण आहे. हे कच्चं आहे. उद्यापर्यंत यावर काही टेकलं तर पुन्हा शिक्का उठणार. टेम्पोत तर हंडे, परात, गाद्या, पोरी. सगळ्यांना पेटीच दिसते बसायला. चारोटीवरून हायवेला लागलं की खड्ड्यात भांडी उडतात. कुणी राखण करणारं पाहिजे. हाल्याला बसवू?"

"हाल्या!" चैत्यानं असा आवाज काढला की हाल्या खळ्यावरून बघू लागला. "तो झोपेल पेटीवर."

"मग नविनला?"

"नविन कुणाला नाय म्हणतो का कधी?"

पॉलिश बोटाला चिकटणार नाही इतकं तोवर वाळलं होतं. दाबाला कच्चं होतं, हेही खरं. बुधी खोटं बोलत नव्हती, फक्त गरजेपेक्षा थोडं मोठ्यानं बोलत होती.

चैत्यानं डोक्याला फडकं बांधलं, पेटी एकट्यानं उचलून टेम्पोत चढवली आणि शेजारी मांडी घातली. रविना हसत पुढच्या सीटवर चढली. जमना नावाची एक आत्या पितळी हंडा घेऊन आली आणि सवयीनं झाकणावर ठेवायला गेली.

"उचल!" मामा गरजला.

"मग ठेवू कुठं?"

"इकडे दे."

टेम्पो निघाला. मी मागच्या जीपमध्ये होतो, म्हणून रस्ताभर टेम्पो मला दिसत होता. तलासरी येईपर्यंत हंडा मामाच्या मांडीवर होता, परात हंड्यावर होती आणि मोकळा हात आडवा धरून तो बाकीच्यांना मागे सारत होता. त्यानंतर नवरीच्या पुढं चालायला त्याला कुणी बोलवावं लागलं नाही. टेम्पो थांबताच तो उतरला, अंग झाडलं आणि वळून रविनाला म्हणाला, "चल लवकर. धवलेरी थांबत नाय."