कीड मेली

आई अजूनही बशीतला चहा पार निवेपर्यंत थांबते आणि डाव्या बाजूनेच पिते. गेल्या महिन्यात गरम चहाची कळ तिच्या उजव्या दाढेत कितीतरी वेळ टिकायची. मग एक दिवस दुखणं थांबलं. "लवंगेनं कीड मेली बघ," ती म्हणाली, आणि तिनंच शिकवून पदवीधर केलेल्या मला ते पटलं.

आज हिरडीवर पुवाची पुळी दिसली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "कीड नाही, दाढेची नस मेली. रूट कॅनाल करून बघू, पण उशीर झालाय."

"आता दुखत नाही हो," आई त्यांनाच समजावत होती.

मला शिकवताना तिची आणखी किती दुखणी अशीच थांबली असतील?