धागा काढायचा राहिला

बातमी आली ती भाताच्या गाडीवरून. किन्हवलीकडून गिरणीला भात घेऊन येणारा गाडीवान आमच्या मुरबाडच्या घरापुढे थांबला आणि खाली न उतरताच म्हणाला, "बाय, शापूरचे दादा गेले वो. सकाली गेले. दुसरा कोन मानूस नाय गावला, म्हून मलाच सांगाया लावलं." मी सुपात तांदूळ पाखडत बसले होते. भाऊ गेल्याचं ऐकून बहिणीनं हंबरडा फोडायचा असतो. माझ्या तोंडून निघालं ते असं, "मेला विनायक सुटला एकदाचा!" विनायक हे काही माझ्या भावाचं नाव नव्हे. गाडीवान बिचारा बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. पण दीड महिना झाला, रडून झालं, सगळे विधी झाले, आणि आजही मला तेच म्हणायचं आहे. म्हणून हे लिहायला बसले. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहितात हे मला ठाऊक आहे. ज्यांना ते हवं असेल त्यांनी पान उलटावं.

मी शहापूरला पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दादाला घेऊन गेलेले लोक परतसुद्धा आले होते. वहिनी माजघरात भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती उठली नाही, गळ्यात पडली नाही. एवढंच म्हणाली, "वन्सं, त्या कापडाचा धागा काढायचा राहिला हो... घाईत राहिलाच." जमलेल्या बायकांना काही कळलं नाही. मला मात्र तिथंच भडभडून आलं, कारण आमच्या घरात आलेल्या आणि धागा न निघालेल्या कापडाचं ते पहिलंच उदाहरण होतं. दादावर घातलेलं, कंट्रोलच्या दुकानातलं ते जाडंभरडं पांढरं कापड, तेही चार ठिकाणी हात जोडून मिळवलेलं, आणि त्याच्यावर दादाची नजर पडायची राहून गेली.

माझा भाऊ बंदरावरच्या जकात कचेरीत होता. कचेरीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर संपादक खोडतील. परदेशातून आगबोटीनं जो माल येतो, त्याची खरी जात आणि खरी किंमत ठरवायला तिथं पारखी माणसं असतात. त्यांना अप्रेझर म्हणतात. कोणी कापडाचा, कोणी कागदाचा, कोणी रंगांचा, कोणी यंत्रांचा. दादा कापडाचा अप्रेझर म्हणून चढत चढत या सगळ्यांवरचा हेड झाला. शहापूरच्या शाळेतून गेलेला मुलगा त्या खुर्चीवर बसला, तेव्हा गावात पेढे वाटले होते. हे पेढे खाणारे लोक लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहेत.

त्याची पारख कशी असायची ते सांगते. कापडाच्या कडेचा एक धागा ओढायचा, चिमणीच्या ज्योतीला लावायचा आणि वास घ्यायचा. सूत किंवा नकली रेशीम असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो. अस्सल रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्यासारखा. एवढंच. पण हा धंदा तो घरीही घेऊन यायचा! माझ्या लग्नातल्या शालूचा धागा त्यानं भर मांडवामागे काढला, आणि माझ्या सासूबाई "हा काय अपशकुन?" म्हणून बसत्या जागी लाल झाल्या. "अपशकुन कसला आत्याबाई, शालू खरा आहे!" असं हसत म्हणून त्यानं तो वास त्यांच्याही नाकाशी नेला. पुढे आम्हाला सवयच झाली. मी नवं लुगडं नेसून माहेरी गेले की आधी पदराचा धागा जायचा, मग चहा यायचा. आणि एक नियम होता. धागा जळत असताना कुणी बोलायचं नाही. "थांब गो, वास येऊं दे. आधी बोललं का नाक आपल्याच तोंडाचं ऐकतं," असं तो म्हणायचा.

हाताखालच्या माणसांनाही त्यानं असंच शिकवलं. व्यापारी दाखवतो तो माल बघायचा नाही, हा पहिला धडा. कापडाच्या बांधलेल्या गासड्या रचलेल्या असतात, आणि वरची गासडी नेहमी साधूसारखी असते. खालची कुणी ओढून बघेल या धास्तीनं तीही बरीच ठेवलेली असते. खोट असते ती मधल्या गासडीत. म्हणून दहा हमाल लावावे लागले तरी चालतील, पण मधली ओढायची, फोडायची, धागा जाळायचा, आणि मग शेरा लिहायचा. त्या शेऱ्याखाली हेड म्हणून दादाची सही पडली की माल सुटायचा. सही झाली की जबाबदारी त्याची. "सही माझी तर गासडी माझी," हे तो अभिमानानं सांगायचा. त्या अभिमानानंच त्याचा घात केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

विनायक आमच्या मुरबाडचा. मॅट्रिक झालेला, गोरागोमटा, बोलण्यात साखर. दादानं त्याला कारकुनीतून उचलून कापडाच्या टेबलावर घेतला, वर्षभर आपल्या शेजारी बसवून शिकवला, आणि अप्रेझर करून सोडला. वहिनीनं त्याला घरी जेवू घातलं. चिमणीशी बसून तो आणि दादा तासन्‌तास धागे जाळायचे. सगळ्या घराला तो वास यायचा. वहिनी ओरडायची, "अहो, घर आहे का न्हाव्याचं दुकान?" त्यावर विनायक म्हणायचा, "वहिनी, तुमचं नाक आमच्यापेक्षा तयार झालंय." खोटं नव्हतं ते. तिचं नाक खरंच तयार झालं होतं.

लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. नकली रेशमाच्या म्हणून गासड्या आल्या. नकलीवर जकात कमी, अस्सलवर जास्त. दादाला त्या दिवशी गोऱ्या साहेबानं दुसऱ्या कामाला बोलावलं होतं. जाता जाता तो विनायकला म्हणाला, "मधली काढ रे. मला हा व्यापारी बरा दिसत नाय." विनायकनं वरची फोडली. आळस केला की कुणी खिसा गरम केला, देव जाणे. मी दोन्ही मानते. शेरा लिहून त्यानं दादापुढे ठेवला आणि दादानं, स्वतःच्या हातानं घडवलेल्या माणसाचा शेरा म्हणून, सही केली. महिन्यानंतर त्या व्यापाऱ्याच्या गुदामात त्याच गासड्यांतलं अस्सल रेशीम सापडलं.

चौकशी बसली. विनायकला विचारलं, वरचीच का बघितली? तो म्हणाला, "हेडसाहेबांनी तेवढंच सांगितलं होतं." दादा समोर बसलेला. त्याला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? आणि माझा भाऊ म्हणाला, "सही माझी आहे." बस. आणखी एक शब्द नाही. त्याला वाटलं, हा पोर घाबरला आहे, बाहेर पडला की शुद्धीवर येईल आणि उद्या आपणहून खरं सांगेल. हेडनं आपल्या माणसाला गोऱ्यासमोर उघडा पाडायचा नसतो, हाही एक त्याचा नियम! उद्या आला, परवा आला, विनायक आला नाही. दादाला सक्तीनं घरी बसवलं आणि काही काळानं कापडाचं टेबल पूर्ण विनायकच्या हाती गेलं.

दादा शहापूरला परतला आणि ते पेढे खाल्लेले लोक पुन्हा आले. तोंडावर कुणी बोलायचं नाही. पण बाजारात मी भाजी घेत असताना एक जण दुसऱ्याला सांगत होता, "मोठा सायब हुता ना, मंग खाल्लं आसल. येवढ्या रेशमातून कोन कोरडा राहतंय?" मी भाजीची टोपली खाली ठेवून त्याची जी काढली, ती त्यानं जन्मभर विसरू नये. "आमी काय म्हनलो वो बाय? लोक म्हंतात," असं म्हणत तो गेला. पण मी किती जणांची तोंडं धरणार? गावाला खायला विषय मिळाला होता, आणि ज्याच्या एका वाक्यानं तो विषय संपला असता तो बंदरावर खुर्ची उबवत होता.

दादा रोज सकाळी ओटीवर बसायचा. आसनगाव स्टेशनावरून टांगा आला की त्याची मान वर व्हायची. टांगा पुढे गेला की खाली. कुणाची वाट बघतोस, असं विचारायची सोय नव्हती. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकदा मात्र माझा तोल गेला. "दादा, तू मूर्ख आहेस! त्या दिवशी तोंड का उघडलं नाहीस? दोन शब्द बोलला असतास तर आज..." तो रागावलासुद्धा नाही. चिमणीची काजळी पुसत म्हणाला, "आयुष्यभर मी तपासणी केली गो. तपासणी चालू असताना मालानं बोलायचं नसतं." मी म्हटलं, "अरे, पण तपासणारा हरामखोर असला तर?" त्यावर तो पुन्हा काजळी पुसायला लागला. मग म्हणाला, "शिकवला मी आहे. येईल." ...नाही आला. पाच पावसाळे गेले, दादाला दम लागायला लागला, ओटीवरचं बसणं आतल्या खाटेवर आलं. खाट सरकवून त्यानं खिडकीशी घेतली. तिथून रस्ता दिसायचा.

आला तो तेराव्याला. टांगा दारात थांबला, आणि खरं सांगते, माझी नजर सवयीनं आतल्या खाटेकडे गेली. विनायक सुटला होता, अंगानं सुटला होता. डोळे पुसत आत आला आणि वहिनीपुढे दुखवट्याची म्हणून एक शाल ठेवली. "काश्मिरी आहे, वहिनी. साहेबांच्या नावाला शोभेल अशीच आणली." दुखवट्याला आणलेल्या वस्त्राकडे कुणी नीट बघतही नाही, हात लावून बाजूला ठेवतात, अशी रीत आहे. वहिनीनं शाल उचलली, मांडीवर घेतली आणि कडेचा एक धागा ओढला. कोनाड्यातली चिमणी मला आणायला सांगितली. खोलीत पंधरावीस माणसं होती, पेढेवाले धरून. सगळे गप्प. धागा ज्योतीला लागला, आक्रसला आणि केस जळल्याचा वास खोलीभर पसरला. वहिनीनं तो येऊ दिला. पूर्ण येऊ दिला. मग म्हणाली, "खरी आहे शाल. यांनी तुला नीट शिकवलं होतं." विनायकच्या चेहऱ्यावर जरा हायसं दिसलं. तेवढ्यात ती त्याच आवाजात म्हणाली, "हाच वास मधल्या गासडीला आला असता. नाही रे, विनायक?"

विनायकची नजर शालीवरून जमिनीवर गेली. त्याच्याकडे बघणाऱ्यांत तो भाजीबाजारातला माणूसही होता. त्यानं मान खाली घातली. एवढी पाच वर्षं आम्ही जे ओरडून सांगत होतो ते एका धाग्यानं त्यांना कळलं, पण ज्याला कळायला हवं होतं की गावाला कळलं, तो तेरा दिवसांपूर्वीच गेला होता. मग काय उपयोग? विनायक पाणीसुद्धा न पिता टांग्यात बसला. शाल तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी थंडी होती, गाईला नुकतं वासरू झालं होतं. वहिनीनं ती शाल नेऊन वासराच्या पाठीवर टाकली. "ऊब आहे हो तिच्यात," म्हणाली. चांगला माल आहे, वाया कशाला घालवायचा?

माझ्या ट्रंकेतल्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला एक धागा कमी आहे. बघणाऱ्याला दिसत नाही, मला हाताला लागतो. या संक्रांतीला घरच्यांनी हट्टानं नवं लुगडं आणलं. मी ते उलगडलं, कड हातात धरली आणि धागा ओढायला बोटं गेली... पण ओढून द्यायचा कुणाला? त्या लुगड्याचे सगळे धागे पुरे आहेत. ते मी अजून नेसलेलं नाही.