चेंगडूत सापडलेली घरची बरणी

गाडी विकायची जवळजवळ ठरली, म्हणून आम्ही चीनला गेलो. हे कारण माझ्या आईलाही पटलं नव्हतं, पण खरं आहे.

माझा नवरा निलेश बारा वर्षं कामोठ्यात चायनीजची गाडी चालवतो. आता त्याच रस्त्यावर पाच गाड्या झाल्यात आणि पाचही ठिकाणी तीच लाल चटणी. रबाळ्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये नोकरी चालून आली. गाडीला सावंत नावाचं गिऱ्हाईकही मिळालं. निलेशने त्यांच्याकडे महिनाभराची मुदत मागून घेतली आणि मला म्हणाला, "बारा वर्सं चायनीज इकलं, खरं एकदा खाऊन तरी बघू. मग इकून टाकू."

मला गाडी विकायला नको होती. हा माणूस कढईसमोर उभा असतो तेव्हाच शीळ घालतो. पण चीन म्हटल्यावर मी वाद घातला नाही, बॅगच भरायला काढली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसाचे कागद मुंबईतच देता येतात, आमचं काम दोन आठवड्यांत झालं. दारात नवं विमानतळ आलंय, तरी स्वस्त तिकीट जुन्या विमानतळावरूनच मिळालं, बँकॉकमार्गे. तिकडे चहाच्या टपरीवरही फोननेच पैसे देतात, त्यामुळे तिथलं पेमेंट अॅप आणि आपलं कार्ड घरूनच जोडून घ्या. भाषांतराचं अॅपही घ्या. बीफ-पोर्क चालत नसेल तर तसं वाक्य चिनीत लिहून फोनवर ठेवा, आम्ही ते दिवसातून चार वेळा दाखवायचो. आठ दिवसांत दोघांचे मिळून अडीच लाखांच्या आसपास गेले.

चेंगडू ही सिचुआन प्रांताची राजधानी. आपल्या गाड्यांवरचं 'शेजवान' ते हेच. पहिल्या संध्याकाळी हॉटपॉट खाल्लं. टेबलाच्या मधोमध उकळतं लाल तेल, त्यात मशरूम, कमळाचे देठ, माशाचे पातळ काप बुडवायचे आणि उचलायचे. मी नुसती वेडी झाले. निलेश मात्र भिंतीवरच्या मेन्यूचे फोटो काढून अॅपमधून वाचत होता.

"मांचुरियन नाय यांच्याकडं," तो म्हणाला.

"उद्या बघू."

आठ दिवसांत मांचुरियन कुठेच दिसलं नाही. पण काय काय दिसलं! तासाभराच्या ट्रेनवर लेशान आहे, तिथे गोडसर, कुरकुरीत सालीचं बदक खाल्लं. तासाभराच्या अंतरावर चव इतकी बदलते, हे मला फार आवडलं. भाजीबाजारात बांबूचे कोंब, वाटाण्याचे कोवळे शेंडे, लोणच्याच्या मोठमोठ्या बरण्या. मी प्रत्येक ढिगापाशी थांबायचे आणि निलेश मला दंडाला धरून पुढे न्यायचा.

आता आमच्या पराक्रमाविषयी. निलेशने बॅगेत स्वतःच्या शेजवान चटणीची बाटली घेतली होती, तीन पिशव्यांत गुंडाळून. आम्ही उतरलो होतो त्या घरगुती गेस्टहाऊसची मालकीण लियूबाई स्वतः स्वयंपाक करायच्या. त्यांना ती भेट म्हणून द्यायची होती. सिचुआनमध्ये शेजवान चटणी! मी निघताना दोनदा विचारलं होतं, "नक्की ना?" तर म्हणाला, "माझ्या हातची हाय, लाजायचं काय त्यात?"

लियूबाईंनी चमच्यावर घेऊन चाखली. मग फोनमध्ये काही बोलल्या आणि फोन आमच्यासमोर धरला. 'छान आहे. कुठल्या गावची?'

निलेश फोनमध्ये म्हणाला, "तुमचीच. सिचुआनची."

बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी आणखी एक चमचा घेतला आणि पुन्हा फोनमध्ये बोलल्या. 'आमच्याकडे अशी नसते. ही तुमची आहे.'

निलेशचा चेहरा उतरला. बारा वर्षं पाटीवर जे नाव लावलं, ते त्या गावालाच माहीत नाही. जिना चढताना म्हणाला, "सावंतांना हो सांगून टाकू."

मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी त्याला चिडवलंही नाही.

दुसऱ्या सकाळी लियूबाई अंगणात पाखडायचं सूप घेऊन बसल्या होत्या. सुपात सुकलेली, उकललेली लालसर फळं. त्या एकेक उचलून आतली काळी बी काढून टाकत होत्या आणि टरफल ठेवत होत्या. माझी आई राजापूरला ओटीवर बसून अगदी हेच करते. मी एक टरफल नाकाशी नेलं आणि खालीच बसले.

"निलेश, हे तिरफळ आहे. नाहीतर तिरफळाची बहीण तरी."

त्याने दाताखाली धरलं. जीभ बधिर झाली, डोळे मोठे झाले. "हा वास मी कुटंतरी घेतलाय."

"कुठंतरी? आपल्या ओट्यावरच्या बरणीत. आई दरवर्षी पाठवते आणि तू म्हणतोस, बांगड्याच्या कालवणात घालू नको, तोंड मरतं."

आता चिडवायला मी मोकळी होते, आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. त्याने बाईंच्या स्वयंपाकघरात मुक्कामच ठोकला. त्या टरफलं कोरड्या कढईत भाजत, कुटत, माशावर टाकून वरून कडकडीत तेल ओतत. तो बघत होता आणि तिसऱ्या दिवशी शीळ घालायला लागला. निघताना चटणीची बाटली लियूबाईंच्या चुलीपाशी अर्धी रिकामी दिसली.

घरी आल्यावर बॅगा तशाच ठेवून निलेशने पहिल्यांदा ती बरणी काढली. मी वालाच्या शेंगा आणि मुळा आणला, शेजारच्या गावातल्या बायका पहाटे तोडून आणून सकाळी रस्त्याकडेला बसतात त्यांच्याकडचा. मासा म्हणाल तर खाडीतला जिताडा. चार दिवस आम्ही फक्त चाखत होतो. तिरफळ चिनी टरफलापेक्षा जास्त रानटी, लिंबासारखं उग्र. प्रमाण निम्म्यावर आणल्यावर बसलं. शेंगा कोरड्या परतून त्यात तिरफळ घातलं, तर मला बांबूच्या कोंबांची आठवणही आली नाही.

रविवारी सावंत उत्तर घ्यायला गाडीवर आले. निलेश म्हणाला, "आधी खाऊन घ्या." जिताड्यावर त्याने तिरफळाची पूड भुरभुरली आणि तेल ओतलं. सावंत दोन घास खाऊन थांबले, ओठांवरून बोट फिरवलं आणि पुन्हा ताटलीत हात घातला.

"काय घातलंय हे? चीनवरनं आणलं?"

"नाय," निलेश म्हणाला. "बायकोच्या माहेरचं हाय."

मग सावंतांच्या देखतच माझ्याकडे वळला. "आईंना फोन लाव. यंदा बरनी नको, आपल्या गाडीला पोतं पाठवा म्हनावं."