बांधावरचं अर्धं गाऱ्हाणं

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढे बापाने नांगराला लावला, नंतर डिचोलीला खाणीवर ट्रक धरला, आणि ट्रकवाल्याला वाचायला लागतं ते एवढंच की पुढच्या गाडीच्या पाठीवर काय लिहिलंय. तरी लिहायला बसलोय, कारण त्या रविवारची गोष्ट गावात जो तो आपल्या सोयीने सांगतो, आणि ती घडली माझ्या डोळ्यांदेखत.

आमच्या गोठ्याला लागून एक खोली आहे. खाणी चालू होत्या तेव्हा तिथे माझ्या ट्रकाचा क्लीनर राहायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, खोली राहिली. आता तिथे दोडामार्गाच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला एक तरुण राहतो. पिकअप चालवतो, मोरजीच्या हॉटेलांना पाण्याच्या बाटल्या आणि गाद्या पोचवतो. आला तेव्हा म्हणाला, दोन महिने राहीन. त्याला कितीतरी वर्षं झाली. मतदार यादीत नावसुद्धा इथेच लागलं.

स्वभावाने गरीब वगैरे मुळीच नाही. सकाळी काजूच्या बागेत जाऊन भाषणं करायचा. मी दारापुढच्या बलकावाच्या कट्ट्यावर बसून दात घासत ऐकायचो. तो "बंधू-भगिनींनो" म्हणाला की आमची गाय हंबरायची.

एकदा मी विचारलं, "कोणाक सांगतंस रे हें? काजींक?"

"आबा, माका फुडारी होवचा आसा."

"पयली गाडी सरळ लाव. गोठ्याच्या दारात आडवी घालतंस, गाय भायर कशी काडूची? मगे हो फुडारी."

तो हसला. गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवी.

मग एका पक्षाने गावात तरुणांची समिती काढायचं ठरवलं. तिचा अध्यक्ष गावातल्या पोरांनी हात वर करून निवडायचा. दोघे उभे राहिले. एक हा, आणि दुसरा माझ्या भावाचा मुलगा. पुतण्या वाईट नव्हे. मोठी मोटारसायकल आहे, मित्र पुष्कळ, तालुक्याच्या नेत्याबरोबर फोटो आहेत. माझ्या घरी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, तुज्या भाडेकऱ्याक सांग, गप बस म्हणून. भायल्यान येवन आमच्यार राज्य करतलो?"

आमच्याकडे बाहेरून आलेल्याला भायलो म्हणतात. शब्द लहान आहे, पण एकदा चिकटला की निघत नाही.  मत माझंही त्याच्याच बाजूने होतं. घरचा मुलगा सोडून दुसऱ्याला कोण धरतो?

त्या संध्याकाळी भाडेकरू खोलीतून आला. त्याने बहुतेक ऐकलं होतं. म्हणाला, "आबा, माझ्यासाठी बोला असां म्हणणंय नाय. फकत त्या सभेत तुम्ही माका भायलो म्हणां नकात. तुम्ही म्हटलास तर माझा सगळां संपला."

"बघूया," मी म्हणालो. मी कोणाला वचन देत नाही.

सभा रविवारी संध्याकाळी होती आणि त्याच सकाळी बांध होता. पाऊस सरला की आम्ही व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्याला दगड, माती आणि झाडांच्या डहाळ्यांचा बांध घालतो, त्या पाण्यावर हिवाळ्यातलं वायंगणाचं भात होतं. घरटी एक माणूस उतरायचा, अशी रीत. माझा मोठा मुलगा मुरगावहून बोटीवर जातो, धाकटा लंडनला. मला आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणून माझ्या घरचा माणूस म्हणून व्हाळात उतरतो तो हाच, खोलीतला.

माती टाकायला कोणीही चालतो. पण शेवटचं तोंड बुजवलं की नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालायचं, तो मान आमचा. आजोबाने घातलं, बापाने घातलं, आता मी घालतो. एकाने मोठ्याने मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

त्या दिवशीही तोंड बुजलं. सगळे गुडघाभर पाण्यात उभे. मी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, राखणदारा, आज तुजीं लेकरां ह्या व्हाळार जमलीं आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पाण्याक आडवो बांध घातलो आसा, तो धरून रवां दी..."

"व्हय म्हाराजा!"

आणि मला खोकला आला. असा आला की डोळ्यांपुढे काळोख. नारळ हातात, शब्द घशात. कोणी हलेना. गाऱ्हाणं अर्ध्यावर आणि बांध ओला. बायका काठावर एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

"जें कोण हंय रवतत, जें कोण पोटाक भायर गेल्यात, जें कोण भायल्यान हंय इल्यात, त्या सगळ्यांच्या ताटात ह्या पाण्याचो भात पडां दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा व्हाळ ओरडला. माझ्या डाव्या हाताला पुतण्या होता. त्याचा आवाज तर माझ्या कानातच शिरला.

मग सगळ्यांना कळलं की बोललं कोण.

मी नारळ फोडला आणि तडक घरी आलो. आमच्या घराबाहेरच्या माणसाने तिथे आजवर तोंड उघडलं नव्हतं. खोलीतला मागोमाग आला, ओल्या कपड्यांनी दारात उभा राहिला.

"आबा, चुकलंय. आमच्या गावात गाऱ्हाणां अर्ध्यार सोडणत नाय, बाजूचो उचलता. माझ्या ध्यानातच नाय रवला, ह्यो गाव वेगळो म्हणान."

"आता रवांदी ध्यानात," मी म्हणालो आणि दार ओढून घेतलं.

जेवताना बायको म्हणाली, "मान तुजो, तशी खोकलीय तुजीच. ती तरी दी कोणाक." मी अर्धा भात टाकून उठलो.

संध्याकाळी सभेला गेलो ते मनात राग धरूनच. देवळाच्या मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तालुक्याचा नेता मधे बसलेला. खोलीतला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला, पण तोंड उतरलेलं. पुतण्या उठला.

"आज सकाळीच ह्या भायल्यान आमच्या घराचो मान घेतलो. आज मान, फाल्यां गाव घेतलो. विचारा म्हज्या काकाक."

नेता म्हणाला, "बोला आजोबा. बसूनच बोला, त्रास नको."

मी बसून बोलत नाही. उठलो. खोलीतला जमिनीकडे बघत होता. त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तो शब्द माझ्या जिभेवर होता. पण "आमच्या घराचो मान" हे माझ्या डोक्यात गेलं. भाऊ वेगळा निघाला तेव्हा मान माझ्या घरी राहिला. माझ्या वतीने गाऱ्हाणी सांगायला ह्या पुतण्याला कोणी नेमला?

"मान कोणाचो रे?"

"आमच्या घराचो, काका."

"तुज्या न्हय. म्हज्या. म्हज्या घरातसून बांधार कोण उतरता?"

त्याने नेत्याकडे बघितलं.

"म्हजो एक झील बोटीर, एक लंडनाक. थंय ते कोण? भायलेच मां? हंय म्हज्या घरचो माणूस म्हणान हो उतरता. म्हज्या घरच्या माणसान म्हजां गाऱ्हाणां पुरां केलां, तुज्या पोटात कित्याक दुखता? आनी सगळ्यांत मोठ्यान 'व्हय म्हाराजा' म्हटलां कोणें? तूच मां?"

मंडप हसला. पुतण्यालाही हसू आवरेना, त्याने मान खाली घालून डोकं खाजवलं.

हात दोनदा मोजावे लागले, कारण पुतण्याच्या एका दोस्ताने दोन्ही हात वर केले होते. तरी थोड्या हातांच्या फरकाने खोलीतलाच निवडून आला. मग त्याने काजूतलं सगळं भाषण काढलं. लांबलं. मी मधेच उठून घरी आलो.

पुतण्या बरेच दिवस माझ्याकडे फिरकला नाही. नंतर एका सकाळी दोघे त्याच पिकअपमधून रस्त्याच्या दिव्यांसाठी पंचायतीत जाताना दिसले. एकमेकांशी भांडत होते, पण जात होते.

यंदा पुन्हा बांध घातला. मी गाऱ्हाणं घातलं, छाती भरून. तो माझ्या बाजूला उभा होता, ओठ हलत होते, आवाज नाही. शेवटच्या मागण्याशी आलो आणि थांबलो. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नारळाकडे बघत राहिलो.

मग त्याने मागितलं, आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

घरी बायकोने विचारलं, "परत खोकली इल्ली?"

"व्हय," मी म्हणालो, आणि गाडी सरळ लाव म्हणून सांगायला बाहेर गेलो.