इस्त्रीवालीचा फोन

"आई, फोन बंद ठेवलास, तर मी बोलू कुणाशी? भिंतीशी?" शेजारच्या इस्त्रीवालीचा लेक तेव्हा तावातावानं भांडत होता. भिंत पातळ, मला सगळं ऐकू येई.

"बंद ठेवला की बॅटरी टिकते रे. तू दिलेला फोन जन्मभर पुरवायचाय मला."

इस्त्रीतले उरलेले कोळसेही ती विझवून उद्याला ठेवायची, तसाच फोन. पुढे परगावी कामावर लेक उंचावरून पडून गेला. जीव जाण्याआधी त्यानं आईला सारखे फोन लावले, पण फोन बंद होता. त्यानंतर तिनं तो कधीच बंद केला नाही.

परवा तीही गेली. आदल्या दुपारीही नेहमीसारखी मोबाइलच्या दुकानात बॅटरी दाखवायला गेली होती. फोन लागतो का बघायला दुकानदारानं नेहमीसारखी आपल्या फोनवरून रिंग दिली. तिनं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "बोल, बाळा."